लिहिणाऱ्याचे कष्ट, वाचणाऱ्याचा वेळ

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नियम वाचा. यादी थोड्याफार फरकाने तीच असते. राजकारण नको, धर्म नको, गुड मॉर्निंगची फुले नकोत, वैयक्तिक टीका नको, भाषा सभ्य ठेवा. ग्रुप शाळेतल्या पालकांचा असो, जुन्या वर्गमित्रांचा असो की परदेशातल्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाचा, समजूत एकच असते: चांगले वागणे म्हणजे गोड बोलणे आणि कुणाला लागेल असे काही न बोलणे. भांडण झाले नाही की ग्रुप छान चालला आहे असे आपण मानतो. मला ही समजूत उथळ वाटते. तिच्याने चर्चा सुधारत नाहीच, उलट जिथे बोलायला हवे तिथे माणसे गप्प होतात आणि जिथे हात आवरायला हवा तिथे मोकाट लिहितात.

माझे प्रतिपादन असे आहे. गटात लिहिण्याचा शिष्टाचार हा मुळात कष्टांच्या वाटणीचा प्रश्न आहे. लिहिणारा एक असतो, वाचणारे शेकडो. लिहिणाऱ्याने जे कष्ट टाळले, ते वाचणाऱ्या प्रत्येकाला स्वतंत्रपणे करावे लागतात. अर्थ लावणे, खरेखोटे तपासणे, संदर्भ शोधणे, कामाचे आणि बिनकामाचे वेगळे काढणे ही ती कामे. ती लिहिणाऱ्याने आधी उरकून मग लिहावे, एवढाच या शिष्टाचाराचा गाभा आहे. सौजन्य त्यातून बऱ्याच वेळा आपोआप येते. नुसत्या सौजन्यातून मात्र तो येत नाही.

१. हिशेब मिनिटांचा

तीनशे सभासदांच्या ग्रुपवर एक मिनिट खाणारा संदेश पडला आणि सगळ्यांनी वाचला, तर गटाचे पाच तास गेले. लिहिणाऱ्याचे कदाचित वीस सेकंदही गेले नसतील. फॉरवर्ड असेल तर दोनच. समोरासमोरच्या बैठकीत ही विषमता इतकी तीव्र नसते. तिथे बोलणाऱ्यालाही बोलण्याइतकाच वेळ द्यावा लागतो, आणि कंटाळलेले चेहरे त्याला दिसत असतात. पडद्यावर चेहरा दिसत नाही आणि पाठवण्याची किंमत जवळजवळ शून्य असते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची सभासदमर्यादा एके काळी २५६ होती. २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. मर्यादा वाढली तसा एका बेफिकीर वाक्याचा भार वाढत गेला, पण ते वाक्य लिहिण्याचे श्रम होते तेवढेच राहिले.

हे माझ्या पदरचे नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेला ‘आरएफसी १८५५’ हा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची मार्गदर्शक तत्त्वे त्यात एकत्र केली होती. आज ‘नेटिकेट’ म्हटले की आपल्याला गोड बोलण्याचे धडे आठवतात. त्या दस्तऐवजात सभ्यपणाचा सल्ला आहे, पण त्याहून जास्त जागा वाचणाऱ्याच्या वेळेला आणि साधनांना दिली आहे. ईमेल पोचवण्याचा खर्च पाठवणारा आणि घेणारा साधारण निम्मा-निम्मा सोसतात, हे तिथे स्पष्ट बजावले आहे. विषय नेमका लिहा. उत्तर देताना मूळ मजकुरातला लागेल तेवढाच भाग उद्धृत करा. साखळी-पत्रे पाठवू नका. गटात काही लिहिण्यापूर्वी एक-दोन महिने नुसते वाचा. प्रश्न विचारला असेल तर आलेल्या उत्तरांचा सारांश नंतर गटाला द्या, आणि तो खरोखर सारांश असू द्या, उत्तरांचे गाठोडे नको. राग आला असेल तर उत्तर रात्रभर थांबवून मग पाठवा, असेही सांगितले आहे. म्हणजे राग येऊच नये अशी अपेक्षा नाही, त्याचा भार ताबडतोब इतरांवर पडू नये एवढीच आहे.

त्या काळी मोडेम संथ होते आणि डेटा महाग होता, म्हणून हे नियम आले. आता डेटा स्वस्त आहे, मग ते कशाला पाळायचे, असे कुणी म्हणेल. पण टंचाई संपलेली नाही, तिची जागा बदलली आहे. तारेतली जागा वाढली, माणसाचा दिवस चोवीस तासांचाच राहिला.

२. सभ्य भाषेतली अफवा

सौजन्य पुरेसे असते तर सभ्य शब्दांत लिहिलेल्या संदेशांनी अपाय झाला नसता. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात देशभर मोबाइलवरून पसरत होती. अशा संदेशांची भाषा शिवराळ नसते. त्यांत आर्जव असते, काळजी असते, ‘आपल्या मुलांना जपा’ असा जिव्हाळा असतो. सोसायटीच्या ग्रुपवरचा सभ्य भाषेचा नियम असा संदेश अडवू शकत नाही. त्या नियमाच्या कसोटीवर तो उत्तम उतरतो. पाठवणाऱ्या बहुतेकांच्या मनात वाईटही काही नसते. त्यांच्याकडून राहते ते एकच काम: हे कुणी, कुठे, कधी पाहिले आणि मला ते कसे कळले, एवढे विचारणे. ते काम लिहिणाऱ्याने सोडले, आणि वाचणाऱ्या हजारोंतल्या बहुतेकांनीही ते दुसऱ्यावर ढकलले.

त्यानंतर जे उपाय झाले ते पाहण्याजोगे आहेत. जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या संदेशांवर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण आणली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असा बदल झाला, आणि अशा संदेशांचे प्रमाण त्यानंतर ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, तेव्हा तो जपून घ्यावा. तरी दिशा स्पष्ट आहे. कुणाला सभ्यपणा शिकवावा लागला नाही. पाठवणाऱ्याच्या वाट्याला दोन-चार जास्तीचे स्पर्श आले आणि तेवढ्याने मोठा ओघ आटला. यातले बहुतेक संदेश पाठवणाऱ्यालाही फारसे महत्त्वाचे वाटत नव्हते. पाठवणे फुकट होते, म्हणून ते जात होते.

३. पाण्याचा एक संदेश

तत्त्व जवळून पाहायचे तर सोसायटीतला रोजचाच प्रसंग घेऊ. सकाळी ग्रुपवर दोन शब्द येतात: ‘पाणी नाही???’ लगेच कुणी विचारते, कुठल्या विंगला? दुसरा सांगतो, आमच्याकडे आहे. तिसरा म्हणतो, काल रात्रीपासूनच प्रेशर कमी होते. चौथा सेक्रेटरींना टॅग करतो. मध्येच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येतो आणि त्यामागून पंचवीस शुभेच्छा. पाचवा, ज्याने वरचे काही वाचलेले नाही, पुन्हा लिहितो की पाणी नाही का. तासाभरात ऐंशी संदेश जमतात आणि प्लंबरला फोन कुणी केला हे कुणालाच माहीत नसते. या ऐंशींत एकही शब्द असभ्य नाही.

आता हाच संदेश असा लिहिला आहे असे समजा: ‘पाणी, बी विंग. सातव्या ते दहाव्या मजल्यावर सकाळी सहापासून पाणी नाही. वरची टाकी रिकामी आहे, खालची भरलेली आहे. वॉचमनने दोन्ही पाहिल्या. पंप सुरू होत नाही. इलेक्ट्रिशियनला फोन केला आहे, नऊपर्यंत येतो म्हणाला. इतर विंगमध्ये अडचण असेल तरच विंग आणि मजला लिहा. दुरुस्ती झाली की इथेच कळवतो.’ हे लिहायला पाच मिनिटे लागतील आणि त्याआधी दोन जिने चढून खात्री करावी लागेल. पण विषय पहिल्या शब्दात आहे, पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे दिसते, काय झाले आणि काय बाकी आहे ते कळते, उत्तर कुणी द्यायचे आणि कुणी द्यायची गरज नाही हेही कळते. शेवटी निकाल कळवण्याचे वचन आहे. त्यात ‘कृपया’ नाही, ‘नम्र विनंती’ नाही, तरी तीनशे माणसांशी याहून आदराने वागणे मला सुचत नाही.

४. निग्रहस्थानांच्या यादीत शिवी नाही

इथवर माहिती देणाऱ्या संदेशांचा विचार झाला. मतभेदाचे काय? तिथे तरी गोड बोलणे हाच शिष्टाचार नाही का? आपल्याकडे वादाचा जो सर्वांत बारकाईने विचार झाला आहे त्याचे उत्तर वेगळे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य कळावे म्हणून केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता नुसते दुसऱ्याचे खोडण्याची वितंडा. चरकसंहितेतही वैद्यांच्या चर्चेचे संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा, म्हणजे मिळून केलेली आणि भिडून केलेली, असे दोन प्रकार केले आहेत. दोन्हीकडे पाहिला जातो तो चर्चेचा हेतू आणि तिची रीत.

न्यायसूत्रांच्या शेवटी बावीस निग्रहस्थाने दिली आहेत. ज्या ठिकाणी बोलणारा वादात पकडला जातो, त्या या जागा. आपली प्रतिज्ञा सोडणे किंवा गुपचूप बदलणे, विषय सोडून भलतेच बोलणे (अर्थांतर), तेच तेच पुन्हा म्हणणे, गरजेपेक्षा जास्त कारणे पुढे करणे, समोरच्याचे म्हणणे सभेला कळले असून ते पुन्हा मांडून दाखवता न येणे. कठोर शब्द त्या यादीत नाहीत. अविज्ञातार्थ हे निग्रहस्थान तर माझ्या मुद्द्याच्या गाभ्याशीच येते. एखाद्याने आपले म्हणणे तीनदा सांगितले आणि तरी ते सभेलाही कळले नाही, प्रतिपक्षालाही कळले नाही, तर हार बोलणाऱ्याची. समजेल असे बोलण्याचे ओझे बोलणाऱ्यावर आहे हे आपल्या परंपरेने फार पूर्वी ठरवून टाकले होते. ग्रुपवर मात्र उलट चालते. ‘तुम्हाला कळलेच नाही मला काय म्हणायचे होते’ हे वाक्य तिथे आरोप म्हणून टाकले जाते.

ही यादी आजच्या ग्रुपला जशीच्या तशी लागू पडते. लिफ्ट बदलण्याच्या प्रस्तावावर ‘आधी मागच्या कमिटीने काय दिवे लावले ते बघा’ हे अर्थांतर. दरपत्रक मागितले की ‘तुमचा विश्वासच नाही’ हेही अर्थांतर. प्रत्येक प्रस्तावाला ‘हे चालणार नाही’ म्हणणे आणि काय चालेल ते कधीच न सांगणे ही वितंडा. यातले एकही वाक्य ‘भाषा सभ्य ठेवा’ या नियमात सापडत नाही, आणि सोसायट्यांमधली कामे वर्षानुवर्षे रखडतात ती अशाच वाक्यांनी. उलट कुणी कडक शब्दांत पण नेमका प्रश्न विचारला, तर तो चर्चा पुढे नेतो. तिखट शब्द मला आवडतात असे नाही. पण तिखट आणि नेमके, की गोड आणि निरर्थक, अशी निवड करायची झाली तर गटाने पहिले सहन करायला शिकले पाहिजे.

५. ‘राजकारण नको’ या नियमाविषयी

पहिला आक्षेप इथे येईल. निदान काही विषय तरी बंद ठेवले पाहिजेत. राजकारण आले की ग्रुप फुटतो. अनुभव खरा आहे, उपाय चुकीचा. पाणी, कचरा, रस्ता, पार्किंग, पुनर्विकास हे सोसायटीचे विषय महापालिका, नगरसेवक आणि सरकारी धोरण यांना टाळून बोलताच येत नाहीत. त्यामुळे बंदी सगळ्यांवर सारखी लागत नाही. मालमत्ता कर वाढला म्हणून तक्रार करणारा राजकारण करतो असे ठरते, आणि कर भरल्याबद्दल नेत्याचे अभिनंदनपत्र टाकणारा माहिती देतो असे ठरते. कुठले राजकारण आणि कुठले नाही हे शेवटी ॲडमिन ठरवतो.

अस्पष्ट नियमाचा हाच धोका कायद्यातही दिसला होता. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ या कलमात ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे शब्द होते. त्यांच्या आधारे किती सहज अटक होऊ शकते हे नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींच्या बाबतीत महाराष्ट्राने पाहिले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. संदिग्धता हे त्यामागचे एक मोठे कारण होते. सोसायटीचा ग्रुप म्हणजे न्यायालय नाही. पण नियम रीतीवर बेतला की तो सगळ्यांना सारखा लागतो: दावा केलात तर आधार द्या, मत असेल तर स्वतःच्या शब्दांत लिहा, दुसऱ्याने लिहिलेले असेल तर तसे सांगा, या गटाने त्यावर काय करावे असे तुम्हाला वाटते ते लिहा. निवडणुकीचे नव्वद टक्के फॉरवर्ड या शेवटच्या अटीतच गळतील, आणि नगरसेवकाला नाल्याबद्दल प्रश्न विचारणारे पत्र टिकेल.

६. नियमांनी दुबळे गप्प होतील का?

हा सर्वांत गंभीर आक्षेप आहे. पुरावा द्या, मुद्देसूद लिहा, आधी वाचा, हे सगळे शिकल्या-सवरलेल्यांना जमते. ज्याला टाइप करणे जड जाते, जो भाडेकरू आहे, ज्या आजी एकट्या राहतात, त्यांनी काय करायचे? ते बोलायचेच सोडतील. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्यामुळे माझ्या मांडणीला दुसरी बाजू जोडावी लागते. आरएफसी १८५५ मध्येही ती आहे: पाठवताना काटेकोर, स्वीकारताना उदार. शुद्धलेखन हा शिष्टाचाराचा भाग नाही. मराठी, हिंदी आणि रोमन लिपीची सरमिसळ हाही दोष नाही. जिला लिहिता येत नाही तिची व्हॉइस नोट हा तिचा हक्क आहे. ज्याला लिहिता येते त्याने केवळ आळसाने टाकलेली चार मिनिटांची व्हॉइस नोट मात्र प्रत्येकाची चार मिनिटे घेते. कष्ट ज्याच्या आवाक्यात आहेत त्याने ते करायचे आहेत. त्या आजींचा अर्धवट संदेश दुसऱ्या कुणी नीट मांडून दिला, तर तोही याच शिष्टाचाराचा भाग आहे.

पण दुबळ्यांना गप्प कोण करते, हे नीट पाहावे. माझ्या मते ते काम सौजन्याचा नियमच जास्त करतो. दुरुस्ती निधीचा हिशेब विचारणाऱ्याला सांगतात, ‘ग्रुपचे वातावरण बिघडवू नका’. घरकाम करणाऱ्या बायकांना वेगळी लिफ्ट का, असे विचारणाऱ्याला ‘सूर’ बदलायला सांगतात. प्रश्नाला उत्तर मिळत नाही. ज्याचे काम सुरळीत चालले आहे त्याला गोड बोलणे सोपे असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा आवाज चढतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिला आहे. तो वापरताना आवाज किती चढवावा यावर त्यात काही अट नाही. रीतीचा नियम अशा माणसाच्या हातात काही तरी देतो. त्याने तारीख, रक्कम आणि ठराव लिहून प्रश्न विचारला की उत्तर देण्याचे ओझे समितीवर जाते, मग तो कोणत्याही सुरात विचारलेला असो.

आणखी एक खुलासा करतो. हे सगळे चर्चेच्या आणि कामाच्या गटांबद्दल आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारे फूल ही वेगळी गोष्ट आहे. एकट्या राहणाऱ्या मावशींचे फूल आले म्हणजे त्या बऱ्या आहेत हे कळते. गडबड होते ती कामाचा आणि जिव्हाळ्याचा गट एकच ठेवल्याने. सोसायटीने दोन ग्रुप केले की निम्मा प्रश्न संपतो.

७. दोष साधनाचा आहे का?

काहींचे म्हणणे असे की खरा दोष माणसांचा नाही, साधनाचा आहे. जुन्या चर्चागटांत प्रत्येक चर्चेला विषय असे आणि उत्तरे त्याखाली लागत. व्हॉट्सअ‍ॅपवर केक आणि पाणी एकाच ओळीत येतात. हे मला मान्य आहे. पण साधनाने जे काढून घेतले ते लिहिणाऱ्याने भरून काढायचे असते, आणि हे जुने आहे. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संगणकीय चर्चेत थट्टा आणि गंभीर मजकूर यांत गोंधळ होऊ लागला, तेव्हा स्कॉट फाल्मन यांनी १९ सप्टेंबरला हसऱ्या चेहऱ्याची खूण सुचवली. यंत्र सूर पोचवत नव्हते, म्हणून तो लिहून कळवण्याचे काम लिहिणाऱ्याने घेतले. आज विषयाची ओळ नाही, तर पहिला शब्द विषयाचा लिहावा. संदर्भ हरवतो, तर ज्या संदेशाला उत्तर द्यायचे तो धरून उत्तर द्यावे.

ॲडमिनने हे सगळे सांभाळावे, ही अपेक्षाही टिकत नाही. सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. जबाबदारी ज्याची बोटे चालली त्याचीच राहते.

८. नियम कुठे करायचे

सोसायटीकडे या सगळ्याचा नमुना आधीच आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेला चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते, विषयपत्रिका लागते, गणपूर्ती लागते, अध्यक्ष लागतो, इतिवृत्त लागते. यातली एकही तरतूद सभासदांनी गोड बोलावे म्हणून केलेली नाही. लोकांना आधी कळावे, ठरलेल्या विषयावर बोलले जावे, काय ठरले ते नंतर सापडावे, म्हणून ती आहे. ग्रुपवर अंगठे उमटले म्हणून ठराव होत नाही, हेही सर्वांनी ध्यानात ठेवावे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. या वर्षीच्या विषयपत्रिकेत एक विषय घाला: सोसायटीच्या ग्रुपवर कशासाठी लिहायचे आणि कसे. ‘भाषा सभ्य ठेवा’ ही ओळ हवी तर राहू द्या, पण तिच्या वर चार ओळी लिहा. पहिला शब्द विषयाचा. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे. उत्तर कुणाकडून हवे ते स्पष्ट. प्रश्न सुटला की निकाल गटाला कळवणे. या चार ओळींवर मतदान घ्या आणि ते इतिवृत्तात नोंदवा.